ठाणे-नवी मुंबईत फॉस्टर केअर: मूल घरी येण्याआधी, येताना आणि आल्यावर

फॉस्टर केअरची चौकशी करणारी बरीचशी जोडपी दत्तकाच्या रांगेत थांबून कंटाळलेली असतात. नोंदणी करून तीन-साडेतीन वर्षं वाट बघायची, त्यापेक्षा हा रस्ता जवळचा वाटतो. पण हा रस्ता त्या गावाला जात नाही. फॉस्टर केअरमध्ये मूल तुमच्या घरी राहतं, कायद्याने तुमचं होत नाही. त्याचं नाव-आडनाव तेच राहतं. आईवडील हयात असतील तर आईवडील तेच. तुमच्या मालमत्तेत त्याला आपोआप वाटा मिळत नाही. घरची परिस्थिती सावरली तर ते परत जातं. मधल्या काळात जेवण, शाळा, दवाखाना, रुसवेफुगवे सगळं तुमच्याकडे, आणि मोठे निर्णय बालकल्याण समितीकडे, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या सरकारी समितीकडे. हे ऐकून घरात दोघांपैकी एकाचाही चेहरा पडला, तर अर्ज भरण्याची घाई करू नका.

सरकारी कागदांत याला प्रतिपालकत्व म्हणतात; कचेरीत ‘फॉस्टर केअर’ म्हटलं तरी समजतं. आधार आहे बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ चा. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ पासून आहेत, आणि केंद्राने २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये सुधारली. यूट्यूबवरची जुनी माहिती बघून कोणी सांगेल की फक्त नवराबायकोलाच करता येतं. ते आता खरं नाही.

आधी बघा, तुम्हाला नक्की काय हवंय

बहीण वारली, भाचा तुमच्याकडेच वाढतोय आणि खर्च झेपत नाही, अशी परिस्थिती असेल तर तुम्हाला फॉस्टर केअर नको, बालसंगोपन योजना हवी. तिचं आताचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अनाथ, एक पालक गमावलेली किंवा आईवडिलांना सांभाळणं शक्य नसलेली मुलं नातेवाइकांकडे किंवा एकल पालकाकडे राहत असतील, तर २०२३ पासून प्रत्येक मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. नवरा गेलेली आई स्वतःच्याच मुलांसाठी अर्ज करू शकते, हे अनेक घरांत माहीतच नसतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. तुमची गरज इथेच भागत असेल तर उरलेला लेख सोडून दिलात तरी चालेल.

फॉस्टर केअर म्हणजे परक्या कुटुंबातलं मूल सांभाळणं. आणि ते मूल समितीच्या आदेशानेच तुमच्याकडे आलं पाहिजे. कामवालीच्या ओळखीतली एखादी बाई म्हणते, ‘माझी पोरगी तुमच्याकडेच ठेवा, शिकवा’, प्रसूतिगृहातली आया कानात सांगते, ‘एक बाळ आहे’, किंवा गावाकडून दहा-बारा वर्षांची मुलगी ‘शिकायला’ आणली जाते आणि घरात तिच्या हातात झाडू येतो. यातल्या एकालाही फॉस्टर केअर म्हणत नाहीत. कायद्याची पद्धत डावलून मूल दत्तक दिलं-घेतलं तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलाची खरेदी-विक्री झाली असेल तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत. हेतू चांगला होता, हे सांगून सुटका होत नाही.

आणि एखादं मूल स्टेशनवर किंवा सोसायटीच्या गेटपाशी एकटंच सापडलं तर? ‘दोन दिवस ठेवू, मग बघू’ असं करू नका. १०९८ फिरवा, नाहीतर ११२, किंवा सरळ पोलीस ठाण्यात जा. चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे.

कोणती मुलं

गोंडस तान्हं बाळ डोळ्यांसमोर असेल तर ते चित्र बाजूला ठेवा. तान्ही बाळं दत्तकयोग्य ठरली की दत्तकाकडे जातात. फॉस्टर केअरमध्ये मुख्यतः सहा वर्षांपुढची, बालगृहात राहणारी मुलं येतात. काहींना वर्षभरात कोणी भेटायलाही आलेलं नसतं. काहींचे वडील तुरुंगात असतात, आई मनोरुग्णालयात. कुणाच्या घरी दारू असते आणि समितीने ‘सध्या हे घर सुरक्षित नाही’ असं ठरवलेलं असतं. काही मुलं विशेष गरजांची असतात. भावंडं असतील तर शक्यतो एकत्र ठेवायची, असं कायदाच म्हणतो. तेव्हा ‘एकच हवं’ हा हट्ट असेल तर तो पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

दहा-बारा वर्षांचं मूल घरी येतं ते स्वतःच्या सवयी, मतं आणि राग घेऊनच येतं. त्याचं मत विचारल्याशिवाय त्याला कुठेही पाठवत नाहीत. तेही तुम्हाला ‘नको’ म्हणू शकतं.

कोण करू शकतं

२०२४ च्या सुधारणेनंतर विवाहित जोडप्यांबरोबरच अविवाहित, घटस्फोटित, कायदेशीर विभक्त आणि विधवा-विधुर व्यक्तींनाही अर्ज करता येतो. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही चालतं. एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षांचा आणि स्थिर हवा, दोघांच्या वयांची बेरीज किमान सत्तर हवी. एकट्या व्यक्तीचं वय किमान पस्तीस. सहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी कमाल पंचावन्न, बारा ते अठरासाठी कमाल साठ. भारतीय नागरिकत्व, घरात कोणावर गुन्हा सिद्ध झालेला नसणं आणि दोघांचीही मनापासून तयारी या अटी आहेतच. बायकोला हवंय आणि नवरा ‘तू म्हणशील तसं’ म्हणतोय, हे होम स्टडीत, म्हणजे घरी येऊन होणाऱ्या चौकशीत, दहा मिनिटांत उघडं पडतं.

घर स्वतःचंच हवं असा नियम नाही. भाड्याच्या घरात राहणारेही करू शकतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत असला आणि त्याची मुदत पुढच्याच महिन्यात संपत नसली म्हणजे झालं. कोपरखैरण्याच्या रो-हाउसमध्ये किंवा वर्तकनगरच्या वन-बीएचकेमध्ये मूल नीट वाढत नाही असं कोणी म्हणत नाही. मूल कुठे झोपणार, त्याचं दप्तर आणि कपडे कुठे राहणार, एवढं मात्र विचारतात. ‘हॉलमध्ये, आजोबांच्या शेजारी’ हे उत्तर मुलगा असेल तर कदाचित चालेल. बारा वर्षांच्या मुलीसाठी नाही चालणार.

ठाणे की रायगड

नवी मुंबईकरांची पहिली चुकामूक इथे होते. दिघा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा, म्हणजे नवी मुंबई महापालिकेची हद्द, ठाणे जिल्ह्यात येते. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल आणि उलवे ही सगळी रायगडात, मुख्यालय अलिबाग. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलेलं असलं तरी खारघरच्या माणसाचा अर्ज ठाण्यात चालत नाही. मिरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, अंबरनाथ, बदलापूर ठाण्यातच. वसई-विरार मात्र २०१४ पासून पालघर जिल्ह्यात.

दुसरी चुकामूक कचेरीची. जिल्हा परिषदेत ‘महिला व बालकल्याण’ नावाचा विभाग असतो, तिथे अंगणवाडीचं काम चालतं. तिथे रांग लावून उपयोग नाही. तुम्हाला हवं आहे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय, आणि त्यातला जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तिथले लोक त्याला ‘डीसीपीयू’च म्हणतात. ठाण्यातल्यांनी कोर्ट नाक्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली की सध्याचा मजला-खोली कळते. जाण्याआधी फोन करा, कारण बाल संरक्षण अधिकारी अनेकदा बालगृहांच्या भेटीवर किंवा समितीच्या बैठकीला गेलेले असतात.

बालकल्याण समिती म्हणजे सीडब्ल्यूसी. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याइतके अधिकार असतात. डीसीपीयू तपासतं, समिती ठरवते. कोणाकडे काय मागायचं हे कळलं की निम्म्या खेपा वाचतात.

नोंदणी आणि कागद

नोंदणी आता ऑनलाइन होते, दत्तकाचं काम बघणाऱ्या ‘कारा’च्याच पोर्टलवर. दत्तक आणि फॉस्टर केअरचे रकाने वेगळे आहेत. घाईत चुकीच्या ठिकाणी क्लिक करून दत्तकाच्या यादीत जाऊन बसू नका. भरलेला अर्ज तुमच्या जिल्ह्याच्या डीसीपीयूकडे जातो.

आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, विवाह नोंदणीचा दाखला आणि घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा आदेश काढून ठेवा. उत्पन्नासाठी पगारपत्रक, आयटीआर किंवा तहसीलदाराचा दाखला. तहसीलदाराचा दाखला ‘आपले सरकार’ केंद्रातून काढता येतो. पोलिसांची चारित्र्य पडताळणी ऑनलाइन अर्जावर होते. घर ठाणे आयुक्तालयात आहे की नवी मुंबई आयुक्तालयात ते बघून भरा. तुम्हाला ओळखणाऱ्या, पण नात्यातल्या नसलेल्या दोन माणसांची नावं तयार ठेवा. शेजारी असतील तर उत्तम.

वैद्यकीय दाखल्यांवरून मात्र घरात वाद होतात. नियमांनुसार घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या लागतात आणि त्यात क्षयरोग, एचआयव्ही, हेपेटायटिस-बी येतात. ‘आमच्या घरात एचआयव्हीची तपासणी? आम्ही काय तसले आहोत का?’ असं म्हणून सासरे उठून गेले, असे प्रसंग घडतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: ही तपासणी प्रत्येक घराची होते, डॉक्टरच्या घराचीही. सरकारी तपासणीसाठी ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. सकाळी लवकर जा.

होम स्टडी

सगळ्यात जास्त भीती याची वाटते आणि सगळ्यात कमी तयारी याचीच असते. डीसीपीयूचे सामाजिक कार्यकर्ते, किंवा त्यांच्या वतीने एखादी संस्था, घरी येऊन केंद्राच्या नियमांतल्या नमुना ३० प्रमाणे अहवाल लिहितात. सोफ्यावर नवी चादर टाकून, बिस्किटं मांडून काही साधत नाही. त्यांची नजर संडास-बाथरूमच्या कडीवर असते, गॅलरीच्या ग्रिलवर असते, औषधं कुठे ठेवता त्यावर असते.

नवरा, बायको, स्वतःची मुलं, घरातली वडीलधारी सगळ्यांशी वेगवेगळं बोलणं होतं. प्रश्न साधे वाटतात, पण उत्तरं पाठ करून देता येत नाहीत. ‘मूल खोटं बोललं तर तुम्ही काय करता?’ ‘शेवटचं हात कधी उगारला होता?’ ‘आई भेटायला आली आणि मूल तिच्याबरोबर जायला रडायला लागलं तर?’ एका घरात भेटीला आलेल्या ताईंनी आजींना विचारलं, ‘मुलाची जात माहीत नसेल, तर तुमच्या स्वयंपाकघरात तो पाणी प्यायला जाईल ना?’ आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तो जाईल हो, पण माझी जाऊबाई काय म्हणेल ते सांगता येत नाही.’ हे उत्तर अहवालात चांगल्या अर्थाने गेलं. जे आहे ते सांगणारं घर त्यांना हवं असतं.

तुमचं स्वतःचं मूल असेल तर त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. आठवी-नववीतल्या मुलीला ‘तुझ्या खोलीत आता अजून एक जण’ हे आयत्या वेळी कळलं, तर पहिले सहा महिने घरात युद्ध चालेल.

अहवाल बरा आला तरी जुळवणीला वेळ लागतो. तुमच्या घरातली भाषा, मुलाची शाळा, त्याची भावंडं, त्याचं गाव हे सगळं ताडून बघतात. भिवंडीच्या बालगृहातल्या फक्त हिंदी-उर्दू बोलणाऱ्या मुलाला शुद्ध पुणेरी घरात नेलं की दोघांनाही गुदमरायला होतं. तुम्ही कोणकोणत्या भाषा बोलता, हे अर्जात मोकळेपणाने लिहा.

भेटी, मग आदेश

मूल थेट घरी आणत नाहीत. आधी बालगृहात भेट, मग पुन्हा भेट, मग कदाचित एखादा दिवस बाहेर. मुलाचा अहवाल वेगळा असतो आणि त्यातला तुम्हाला सांगण्यासारखा भाग सांगतात. इथे लाजू नका, विचारा. झोपेत दचकतो का, फिट येते का, लैंगिक अत्याचाराचा इतिहास आहे का, शाळा किती बुडाली, कोणत्या नातेवाइकाशी फोनवर बोलतो. हे प्रश्न आधी विचारलेत म्हणजे नंतर ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ म्हणायची वेळ येत नाही.

समितीचा आदेश आणि तुमचं हमीपत्र, ही दोन कागदपत्रं महत्त्वाची. आदेशावर मुदत बघा. एक वर्षापर्यंतचं फॉस्टर केअर अल्पकालीन, त्यापुढचं दीर्घकालीन. आदेशाच्या झेरॉक्स काढून शाळा, दवाखाना आणि प्रवासासाठी वेगवेगळ्या ठेवा. मूळ प्रत घराबाहेर नेऊ नका.

पहिले काही आठवडे

चार-पाच वर्षं बालगृहात राहिलेलं मूल घरात आलं की त्याला घर कसं चालतं तेच कळत नाही. पहाटे साडेपाचला कोणी न उठवता उठून अंघोळ करून, केस विंचरून ते हॉलमध्ये बसलेलं असतं, कारण तिथे घंटा होती. जेवण झालं की स्वतःचं ताट घासून पुसून कपाटाशी उभं राहतं. फ्रिज उघडायच्या आधी विचारतं. तिसऱ्या आठवड्यात हेच मूल ताट तसंच टेबलावर ठेवून टीव्हीसमोर बसतं, उलट बोलतं आणि ‘मला परत बालगृहात पाठवा’ म्हणतं. पहिल्या पंधरा दिवसांतला शहाणपणा पाहून ‘किती गुणी आहे’ असं सगळ्यांना सांगितलेलं असतं, त्यामुळे तुमची पंचाईत होते. खरं तर दुसरं रूप आलं की समजावं, आता त्याला इथे थोडं सुरक्षित वाटायला लागलंय.

मारायचं नाही. चापटसुद्धा नाही, अबोला नाही, ‘जेवायला देणार नाही’ची धमकी तर नाहीच. मुलाशी क्रूर वागणं हा कलम ७५ खाली गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा व्यवहार लक्षात घ्या: मार खाऊनच जी मुलं घराबाहेर पडलीत त्यांच्यावर मार चालत नाही.

शेजारपाजारचे विचारतीलच, ‘हा कोण?’ त्यावर ‘आमच्याकडे राहायला आलाय, शाळेत जातो’ एवढं पुरे. त्याची कथा सांगायचा हक्क त्याचा आहे. फोटोच्या बाबतीत तर अजिबात ढिलाई नको. अशा मुलाचं नाव, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला कलम ७४ ची मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आमच्या घरी नवा पाहुणा’ असं टाकणारे काका असतातच. गणपतीच्या आरतीच्या व्हिडिओंचं काय करायचं ते नातेवाइकांना आधीच बजावून ठेवा.

शाळा आणि दवाखाना

चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला नाही म्हणून शाळा अडवू शकत नाही. तरीही शाळेच्या क्लार्ककडून ‘आईवडिलांचं आधार आणा’ हे ऐकावं लागतंच. समितीच्या आदेशाची प्रत आणि डीसीपीयूचं पत्र बरोबर न्या. पालकाच्या रकान्यात तुमचं नाव ‘प्रतिपालक’ म्हणून येतं. मुलाचं आडनाव बदलून तुमचं लावायचं नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी. मुख्याध्यापकांशी एकदा स्वतंत्र बोला आणि वर्गात ही गोष्ट फुटू नये असं स्पष्ट सांगा.

बारीकसारीक ताप-खोकल्याला कोणाची परवानगी लागत नाही. शस्त्रक्रिया किंवा भूल द्यायची वेळ आली तर डीसीपीयूला लगेच कळवा आणि संमती कोणाची ते विचारून घ्या. मे महिन्यात किंवा गणपतीला कोकणात जायचं असेल तर जाण्याआधी लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं चार महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ठाणे महापालिकेची जिद्द शाळा आणि वाशीतलं नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र, दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन या. मन जड होईल तेव्हा, मुलाचं किंवा तुमचं, ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. समुपदेशनाला सुरुवात भांडण पेटल्यावर करण्यापेक्षा मूल आल्याबरोबर केलेली बरी.

पैसे

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून फॉस्टर केअरच्या मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. ते थेट बँक खात्यात जमा होतात. मान्यता जिल्ह्यातल्या प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मान्यता समितीकडून घ्यावी लागते. मुलाचं खातं लवकर उघडून घ्या, कारण त्याचं आधार अपडेट नसणं हीच नेहमीची अडचण असते. हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून घरखर्च मांडू नका. ज्या घराचं गणित या चार हजारांवरच उभं आहे, त्या घरात मूल देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनीही ते पैसे नाकारण्याचा मोठेपणा करू नये. मुलाच्या नावे आवर्ती ठेव काढा, अठराव्या वर्षी त्याला उपयोगी पडेल. खर्चाच्या पावत्या एका वहीला चिकटवत गेलात की तपासणीला आलेल्यांशी बोलणं सोपं जातं.

तपासणी, आणि आईच्या भेटी

कायद्यानुसार समितीच्या वतीने दर महिन्याला पाहणी व्हायला हवी. ती झाली नाही तर सुटल्यासारखं वाटून घेऊ नका. स्वतःहून फोन करून या म्हणा. येणाऱ्या माणसाला मुलाशी एकट्याने बोलू द्या. चहाचा कप घेऊन दारात घुटमळणारी मावशी नको. काळजीत कमतरता दिसली तर समिती मूल दुसऱ्या कुटुंबात हलवू शकते, आणि हा अधिकार मुलाच्या भल्यासाठीच आहे.

जन्मदात्या आईवडिलांना भेटायचा हक्क असतो, समितीने थांबवला नसेल तर. पहिल्या भेटी तुमच्या घरी ठेवू नका. डीसीपीयू किंवा संस्था ठरवेल ती जागा बरी. मुंब्र्याहून किंवा शहाडहून लोकल पकडून आलेली आई हातात कुरकुऱ्याचं पाकीट आणि दोन मापं मोठा फ्रॉक घेऊन येते. मुलीला तो फ्रॉक होत नाही आणि तुमच्या डोक्यात येतं, ‘हिला पोरीचं मापसुद्धा माहीत नाही.’ हे तोंडातून बाहेर पडू देऊ नका. तो फ्रॉक घरी आणा, कपाटात ठेवा, मुलीने घालायचा म्हटला की घालू द्या. भेटीनंतरचे दोन दिवस मूल चिडचिड करतं, अंथरूण ओलं करतं, अभ्यास सोडतं. त्यावरून ‘भेटी बंद करा’ असा अर्ज लिहायला बसू नका. प्रत्येक भेटीनंतर काय झालं ते तारीख घालून लिहून ठेवा. समितीसमोर ती वही तुमच्या मतापेक्षा जास्त बोलते.

मदत कोणाकडे

सरकारी बाजूने डीसीपीयू, समिती आणि अडीअडचणीला १०९८. स्वयंसेवी बाजूने, ठाण्यातली समतोल फाउंडेशन रेल्वे स्थानकांवर सापडणाऱ्या, घर सोडून आलेल्या मुलांसोबत काम करते. अशी मुलं कशी वागतात हे तिथल्या कार्यकर्त्यांइतकं थोड्यांनाच माहीत असतं. डोंबिवलीची जननी आशीष आणि नेरूळचं विश्व बालक केंद्र दत्तकाच्या कामातल्या जुन्या संस्था. त्या तुम्हाला फॉस्टरसाठी मूल देणार नाहीत, पण दत्तक की फॉस्टर, हा गोंधळ तिथे बोलून सुटतो. कुलाब्याच्या फॅमिली सर्व्हिस सेंटरला फॉस्टर केअरचा जुना अनुभव आहे. संस्थेने तुमच्याकडे ‘मूल मिळवून देण्याची फी’ मागितली तर तिथून उठा आणि डीसीपीयूला कळवा.

या सगळ्यांपेक्षा उपयोगी म्हणजे दुसरं फॉस्टर कुटुंब. डीसीपीयूला सांगा, ‘जे आधीपासून करतायत त्यांची तयारी असेल तर आमचा नंबर त्यांना द्या.’

मूल जाताना, किंवा राहताना

आईचा आजार आटोक्यात आला, वडील सुटले, मामा पुढे आला, की समिती मूल परत पाठवण्याचा विचार करते. तुम्हाला विचारतील, पण अडवता येणार नाही. जाण्याच्या आधी काही आठवडे मिळावेत, भेटी वाढवत न्याव्यात, शाळेचं वर्ष मध्येच तुटू नये, हे तुम्ही मागू शकता आणि मागावंच. कपडे, वह्या, गुणपत्रिका, लसीकरणाची नोंद, औषधांची चिठ्ठी, सगळं बरोबर द्या. सायकल घेऊन दिली असेल तर तीही.

तुम्हालाच झेपत नसेल तर? असंही होतं. रात्री चिडून ‘उद्या येऊन घेऊन जा’ असा फोन करू नका. डीसीपीयूला लेखी कळवा, समुपदेशन मागा, मुलाला दुसरी जागा शोधायला वेळ द्या. मुलासमोर त्याला परत पाठवायची भाषा मात्र एकदाही नको.

उलट, मूल तुमच्याकडे दोन वर्षं राहिलं, कायद्याने दत्तकासाठी मुक्त ठरलं, आणि त्यालाही तुमच्यातच राहायचंय, तर दत्तक घेता येतं. २०२४ च्या आधी ही मुदत पाच वर्षांची होती. लेखाच्या सुरुवातीला ज्या जोडप्यांचा उल्लेख केला त्यांनी हे वाक्य वाचून लगेच अर्ज भरू नये. यात तिन्ही अटी एकत्र जुळाव्या लागतात आणि त्यातली दुसरी तुमच्या हातात नसते.

मूल सोळा-सतराचं झालं की कागदांकडे वळा. फॉस्टर केअर अठरापर्यंत. पुढे कलम ४६ खाली अनुरक्षण, म्हणजे आफ्टरकेअर, एकविसाव्या वर्षापर्यंत आणि गरज पडली तर तेवीसपर्यंत मिळू शकतं. दोन्ही पालक हयात नसलेल्या मुलांना महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा अकरावीत प्रवेश झाला की त्याचा अर्ज टाका, आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.